भट्टीत घडणारी काच

काचेला आकार देण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिल्यात कुंडातला हजार-अकराशे अंशांचा रस लोखंडी नळीच्या टोकावर घेऊन फुंकतात किंवा साच्यात दाबतात. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना (१९०८) आणि प्रभाकर कंदिलामुळे घरोघरी पोचलेला ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना (१९१६) हे या पहिल्या मार्गाचे. मराठी वाचकाला काचेचा उद्योग म्हटले की बहुधा हेच डोळ्यांपुढे येते. दुसऱ्या मार्गात काचेच्या नळ्या आणि कांड्या बर्नरच्या ज्योतीवर मऊ करून वळवतात. प्रयोगशाळेतली उपकरणे आणि मणी असे होतात. तिसऱ्यात थंड काच थंड भट्टीत मांडतात, झाकण लावतात आणि ठरवून दिलेल्या वेगाने भट्टी तापवून पुन्हा थंड करतात. या तिसऱ्या मार्गाला किल्नफॉर्मिंग म्हणतात. काचेचे तुकडे एकमेकांवर ठेवून उष्णतेने एकजीव करणे म्हणजे फ्यूजिंग, आणि सपाट काच साच्यावर ठेवून तिला स्वतःच्या वजनाने खाली बसू देणे म्हणजे स्लम्पिंग. ताटल्या, वाडगे, भिंतीवरचे फलक, दागिने, दिव्यांची झाकणे अशा वस्तू या दोन क्रियांतून तयार होतात.

फुंकणाऱ्या कारागिराला चूक दिसताक्षणी हात फिरवून ती सावरता येते. किल्नफॉर्मिंगमध्ये गरम काचेला हात लागतच नाही. तुकड्यांची मांडणी, जाडी, तापमान, थांबा आणि थंड होण्याचा वेग हे सगळे झाकण लावण्यापूर्वी ठरलेले असते. म्हणून ही कला शिकणे म्हणजे मुख्यतः उष्णता आणि वेळ यांचा हिशेब शिकणे. या हिशेबात थंड करण्याचा भाग तापवण्याच्या भागापेक्षा मोठा आणि अधिक निर्णायक असतो. नवशिक्यांचे बहुतेक लक्ष मात्र तापवण्याकडे असते.

हे समजायला काचेचा स्वभाव माहीत हवा. खिडकीची काच, बाटली आणि कलाकामाची बहुतेक रंगीत काच ही सोडा-लाइम जातीची असते. तिच्यात सुमारे ७० ते ७२ टक्के सिलिका, म्हणजे वाळू असते. निव्वळ सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते. सोडा घातला की हे तापमान बरेच खाली येते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. चुना तिला टिकाऊ करतो. बर्फाला वितळण्याचा एक ठरलेला बिंदू असतो, तसा काचेला नाही. तिच्यातल्या अणूंची रचना स्फटिकासारखी ओळीत नसते, त्यामुळे तापवताना ती एकदम द्रव न होता हळूहळू मऊ होत जाते. तिची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, काही शे अंशांच्या टप्प्यात अब्जावधी पटींनी उतरते. किल्नफॉर्मिंगची सगळी तंत्रे या उताराच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत.

भट्टीच्या झरोक्यातून पाहिले तर या पायऱ्या ओळखता येतात. (पाहताना अवरक्त किरण अडवणारा चष्मा हवा.) पुढचे आकडे कलाकामाच्या सर्वाधिक वापरातल्या एका काचेचे आहेत, काच बदलली की ते बदलतात. साधारण ५४० अंशांपर्यंत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, काच कडकच असते. तडकण्याचा धोका या टप्प्यात असतो, कारण कडा लवकर तापतात आणि मध्य मागे राहतो. ६०० च्या पुढे, आधार नसलेला भाग किंचित झुकू लागतो. ६३० ते ६८० दरम्यान काच वाकून साच्यात बसते, पण तिचा पृष्ठभाग शाबूत राहतो; ही स्लम्पिंगची पायरी. ७०० च्या आसपास कापलेल्या धारदार कडा गोल होऊन चमकू लागतात. ७३० ते ७७० मध्ये तुकडे एकमेकांना चिकटतात, पण प्रत्येकाचा उठाव हाताला लागतो. याला टॅक फ्यूज म्हणतात. ८०० ते ८१५ ला उठाव बसून जातो, थर एक होतात आणि वरची कातडी सपाट, तकतकीत होते. हे फुल फ्यूज. आणखी वर गेले की काच वाहू लागते आणि साच्यात ओतकामाची कामे करता येतात.

या पायऱ्यांना एक पुरवणी आहे. काचेवर होणारे काम नुसत्या तापमानावर ठरत नाही, त्या तापमानाला ती किती वेळ राहिली यावरही ठरते. ८०४ अंशांना दहा मिनिटे आणि त्याहून वीसेक अंश खाली बराच जास्त वेळ, या दोन्हींतून जवळपास सारखा परिणाम मिळू शकतो. म्हणून एखाद्याने सांगितलेले तापमान थांब्याच्या मिनिटांशिवाय अर्धवट असते. शिवाय दोन भट्ट्या कधी अगदी सारख्या तापत नाहीत. थर्मोकपल भट्टीतल्या एका बिंदूचे तापमान सांगते. काच त्या बिंदूपासून किती दूर, तापणाऱ्या तारा वरच्या झाकणात आहेत की बाजूच्या भिंतीत, यावर प्रत्यक्ष उष्णता ठरते. मातीच्या भांड्यांच्या भट्टीत तारा बहुधा बाजूंना असतात आणि पसरट काचेच्या कडा त्यामुळे मध्यापेक्षा लवकर तापतात. काचेसाठी बनवलेल्या उथळ भट्टीत तारा झाकणात असतात.

ही तंत्रे फार जुनी आहेत, फुंकण्याहूनही जुनी. काचेची भांडी मेसोपोटेमिया आणि इजिप्तमध्ये इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून होऊ लागली. हेलेनिस्टिक काळात, इ. स. पूर्व तिसऱ्या ते पहिल्या शतकात, रंगीत कांड्यांचे काप शेजारीशेजारी मांडून त्यांची चकती भाजत आणि ती साच्यावर ठेवून तिचा वाडगा करत. आजच्या शब्दांत सांगायचे तर आधी फ्यूजिंग, मग स्लम्पिंग. इटलीतल्या कानोसा येथे सापडलेले आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले दोन वाडगे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याच्या पत्र्याची नक्षी धरून केलेले आहेत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात काच फुंकण्याची युक्ती सापडली. एक कारागीर दिवसाकाठी पूर्वीच्या कितीतरी पट भांडी करू लागला आणि भट्टीतली पद्धत रोमन साम्राज्याच्या पुढच्या काळात मागे पडली.

ती परत आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्समध्ये. शिल्पकार हेन्री क्रो यांनी काचेच्या चुऱ्याची लगदी साच्यात भरून भाजण्याची पद्धत नव्याने उभी केली. तिला पात द व्हेर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रान्सिस आणि मायकेल हिगिन्स या दांपत्याने शिकागोत वाकवलेल्या रंगीत काचेच्या ताटल्या आणि दिव्यांचा व्यवसाय चालवला. चेकोस्लोव्हाकियात स्टानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा यांनी साच्यातल्या ओतीव काचेला भव्य शिल्पाचा दर्जा मिळवून दिला. पण सर्वसामान्य शिकाऊ माणसाच्या हाती हे तंत्र यायला एक अडचण होती: वेगवेगळ्या रंगांच्या काचा एकत्र भाजल्या की त्या तडकत. रोमन कारागिराचा सगळा माल बहुधा एकाच कारखान्यातला असे. विसाव्या शतकातला कलाकार मात्र रंग बाजारातून आणत होता.

१९७४ साली ओरेगनमधल्या पोर्टलंड येथे तीन काच-कलावंतांनी बुल्सआय कंपनी काढली. हॅम्बुर्गला जन्मलेला काच-कलावंत क्लाउस मोये याने १९७९ मध्ये पिलचक काचशाळेत या मंडळींशी गाठ पडल्यावर त्यांच्याकडे एकमेकांशी जुळणाऱ्या रंगांची गरज बोलून दाखवली, आणि पुढच्या काही वर्षांत तपासून ‘जुळणारी’ म्हणून विकली जाणारी काच बाजारात आली. मोये १९८२ मध्ये कॅनबेराला शिकवायला गेला आणि तिथून ऑस्ट्रेलियात या कलेची एक मोठी परंपरा उभी राहिली. जुळणाऱ्या काचेचे महत्त्व नवख्याला लगेच जाणवत नाही, म्हणून तिचा हिशेब मांडून पाहणे बरे.

तापली की काच प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. बाजारात काचेवर ९० किंवा ९६ असा आकडा लिहिलेला असतो. ९० चा अर्थ असा, की एक अंश सेल्सिअसला लांबीत दर कोटी भागांमागे ९० भागांचा बदल होतो. आता ९० च्या काचेवर ९६ च्या काचेचा १० सेंटिमीटर लांबीचा तुकडा भाजून चिकटवला असे समजा. काच घट्ट झाल्यापासून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ४५० अंश उतरतात. ९० ची काच या प्रवासात ०.४०५ मिलिमीटर आखडते, ९६ ची ०.४३२ मिलिमीटर. फरक ०.०२७ मिलिमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. पण दोन्ही काचा एकजीव झाल्या आहेत. कोणीच दुसऱ्याला न ओढता आखडू शकत नाही. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र फार थोडा. एवढ्याशा फरकातून साठलेला ताण तिला तडा द्यायला पुरेसा असतो. कधी तडा भट्टीतच जातो, कधी वस्तू आठवडाभर शेल्फवर नीट राहते आणि मग एका रात्री दोन तुकडे होतात.

आकडा सारखा असला म्हणजे जुळलेच असे मात्र नाही. हा गुणांक काच कडक असतानाच्या, ३०० अंशांखालच्या मोजणीवरून काढलेला असतो. काच घट्ट होण्याच्या टप्प्यात दोन रंगांची श्यानता वेगळी असेल, तर एक आधी घट्ट होते, दुसरी मागून, आणि ताण तिथेही उरतो. म्हणून चांगले कारखाने केवळ आकड्यावर विसंबत नाहीत, प्रत्यक्ष भाजून पाहतात. ही चाचणी घरीही करता येते आणि प्रत्येक शिकणाऱ्याने एकदा तरी करावी. पारदर्शक काचेची लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर तपासायच्या रंगांचे छोटे चौकोनी तुकडे अंतरा-अंतरावर ठेवायचे आणि एक तुकडा पट्टीच्याच काचेचा ठेवायचा. फुल फ्यूज करून नीट थंड केल्यावर पट्टी दोन ध्रुवक फिल्म्सच्या मध्ये धरायची. दोन्ही फिल्म्स आडव्या-उभ्या फिरवून मागचा प्रकाश पूर्ण अडला पाहिजे. ताण असलेल्या जागी काच प्रकाशाचे ध्रुवण फिरवते आणि अंधारात त्या तुकड्याभोवती पांढरे वलय उजळते. वलय जितके ठळक, तितका ताण जास्त. पट्टीच्याच काचेचा तुकडा इथे साक्षीदार असतो: त्याच्याभोवतीही उजेड दिसला तर दोष रंगाचा नसून थंड करण्याचा आहे.

खिडकीची फ्लोट काच सर्वांत स्वस्त आणि कुठेही मिळणारी, म्हणून अनेक जण तिच्यापासून सुरुवात करतात. तिने शिकायला काहीच हरकत नाही, पण तिच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. एक म्हणजे, ती मऊ व्हायला जास्त उष्णता लागते. वर दिलेली तापमाने तिच्यासाठी साधारण २० ते ४० अंशांनी वाढवावी लागतात. दुसरी गोष्ट अशी, की ॲलस्टर पिल्किंग्टन यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत ही काच वितळलेल्या कथलावर तरंगत सपाट होते, आणि तिच्या एका बाजूला कथलाचा अदृश्य अंश राहतो. वाकताना ही बाजू आकसली तर तिच्यावर धुरकट सुरकुत्या उमटतात. आखूड लहरीच्या अतिनील दिव्याखाली कथलाची बाजू दुधी चमकते, त्यावरून ती ओळखता येते. तिसरे, एकाच दुकानातून वेगवेगळ्या वेळी आणलेल्या काचा वेगवेगळ्या कारखान्यांच्या असू शकतात; एका वस्तूसाठी सगळे तुकडे एकाच पत्र्यातून कापणे सुरक्षित. टफन्ड काच मात्र आणूच नये. तिच्यात मुद्दाम ताण साठवलेला असतो आणि कटर लावला की तिचा चुरा होतो.

भट्टी भरण्याआधीच्या कामात काच कापणे आणि धुणे येते. कटरचे चाक किंचित तेलात बुडवून एकाच दाबाने, एकदाच ओढायचे. त्याच रेघेवरून पुन्हा चाक फिरवले तर रेघ बिघडते आणि चाकही. मग रेघेच्या दोन्ही बाजूंना धरून काच बाहेर वाकवली की ती रेघेवर तुटते. तुकडे पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने पुसावेत. बोटाचा ठसा किंवा तेलाचा डाग राहिला तर त्या जागी भाजल्यावर पांढुरकी साय धरते. ही साय म्हणजे काचेच्या पृष्ठभागावर वाढलेले बारीक स्फटिक. ७०० ते ८०० अंशांच्या वरच्या पट्ट्यात काच जास्त वेळ रेंगाळली की स्फटिक वाढायला वाव मिळतो, म्हणून या पट्ट्यातून भट्टी लवकर वर आणि लवकर खाली न्यावी.

काच भट्टीच्या फरशीला चिकटू नये म्हणून फरशीवर अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि केओलीन माती पाण्यात कालवून त्याचा हात देतात. मऊ ब्रशने चार-पाच पातळ हात, प्रत्येक वेगळ्या दिशेने, आणि मग पूर्ण सुकवणे. त्याऐवजी सिरॅमिक तंतूंचा पातळ कागदही अंथरता येतो. त्यामुळे काचेचा खालचा पोत जरा अधिक गुळगुळीत येतो. कोरडा लेप खरवडताना, जळालेला कागद उचलताना आणि काचेची भुकटी हाताळताना मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसांत साठते.

पुढचा प्रश्न जाडीचा. वितळलेली काच पृष्ठताणामुळे स्वतःला आवळू पाहते आणि वजनामुळे पसरू पाहते; या दोघांची तडजोड सुमारे ६ मिलिमीटर जाडीला होते. कलाकामाच्या पत्र्याची नेहमीची जाडी ३ मिलिमीटर, म्हणून दोन थर भाजले तर कडा जवळजवळ जागच्या जागी राहतात. एकच थर फुल फ्यूज केला तर तो आत आखडतो, कडा दातेरी होतात आणि मध्य पातळ पडतो. तीन थर ठेवले तर काच बाहेर वाहते आणि चौकोनाची बाजू फुगीर होते. जाड काम करायचे असेल तर भोवती तंतू-कागद लावलेली भिंत, म्हणजे बांध घालावा लागतो. नवशिक्याच्या पहिल्या वस्तूंमध्ये जे आकार बिघडतात, त्यांतले बरेचसे या ६ मिलिमीटरच्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने.

दोन थरांमध्ये हवा अडकते. कडा आधी चिकटल्या तर मधली हवा बाहेर पडू शकत नाही आणि वर येताना मोठा फुगा करून काचेला भोक पाडते. उपाय म्हणजे कडा चिकटण्याआधी, सुमारे ६२० ते ६७७ अंशांच्या टप्प्यात, अर्धा तास किंवा जास्त थांबायचे. काच तोवर इतकी मऊ झालेली असते की वरचा थर खालच्यावर सावकाश टेकतो आणि हवेला मधून कडेकडे ढकलतो. थरांमध्ये काचेची बारीक भुकटी भुरभुरली तर हवेला वाट मिळते.

दोन थरांच्या, ३० सेंटिमीटरच्या आतल्या ताटलीसाठी एक पूर्ण भाजणी अशी असते. तासाला २२२ अंशांनी ६७७ पर्यंत चढायचे आणि अर्धा तास थांबायचे. मग तासाला ३३३ अंशांनी ८०४ पर्यंत जाऊन दहा मिनिटे थांबायचे. तिथून तापवणे बंद करून भट्टी आपोआप ४८२ पर्यंत उतरू द्यायची आणि तिथे एक तास थांबायचे. नंतर तासाला ८३ अंशांनी ३७१ पर्यंत, आणि मग भट्टी बंद. चढण्याचा सगळा भाग चार तासांचा; उतरण्याला सबंध रात्र जाते. झाकण हाताला कोमट लागेपर्यंत उघडायचे नाही.

४८२ चा हा थांबा म्हणजे मंदशीतन किंवा अनीलिंग, आणि या विद्येचा कणा तोच आहे. काच थंड होताना बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला गाभा अजून गरम असतो. गाभा नंतर निवून आखडू पाहतो तेव्हा बाहेरचा थर त्याला आखडू देत नाही. परिणामी बाहेर दाब आणि आत ताण कायमचा कोंडला जातो. हे टाळायचे तर काच पूर्ण घट्ट होण्याच्या जरा आधी तिला अशा तापमानाला धरून ठेवायचे, जिथे तिचा आकार बदलत नाही पण अणू हळूहळू सरकून ताण सोडू शकतात. तिथे सगळी काच, वरपासून खालपर्यंत, कडेपासून मध्यापर्यंत, एकाच तापमानाला आली की तिला त्या अवस्थेतून इतक्या सावकाश उतरवायचे, की वर-खालचा फरक काही अंशांच्या पलीकडे जाऊ नये. थांबा हा अर्धाच भाग आहे, उतार तितकाच महत्त्वाचा.

किती सावकाश, हे जाडीवर ठरते, आणि ते सरळ प्रमाणात नसते. उष्णता आतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. १२ मिलिमीटर जाड काचेला ४८२ ला दोन तास देऊन तासाला ५५ अंशांनी उतरवतात. २५ मिलिमीटरला चार तास आणि ताशी १५ अंश. ५० मिलिमीटरला आठ तास आणि ताशी ३.८ अंश. जाडी दुप्पट झाली की वेग जवळपास चौथाईवर येतो. वस्तूची जाडी एकसारखी नसेल, एकीकडे एक थर आणि दुसरीकडे चार, तर सर्वांत जाड भागापेक्षाही जास्त जाडी धरून वेळापत्रक आखावे लागते. टॅक फ्यूजच्या कामांना हे विशेषकरून लागू आहे, आणि ती दिसायला हलकी असली तरी तडकण्यात पुढे असतात, ते यामुळेच.

मंदशीतन किती ताणले जाऊ शकते याचे एक थोर उदाहरण दुर्बिणीच्या आरशाचे आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेसाठी २०० इंच, म्हणजे ५.०८ मीटर व्यासाची काचेची चकती न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कारखान्यात ओतली गेली. मार्च १९३४ मधला पहिला प्रयत्न फसला, कारण पाठीवर पोकळ्या ठेवण्यासाठी साच्यात बसवलेले ठोकळे सुटून रसात तरंगले. डिसेंबर १९३४ मध्ये दुसरी चकती ओतली. प्रसरण कमी असलेली पायरेक्स काच घेऊनही, आणि पाठ बरगड्यांची करून जाडी घटवूनही, ती थंड करायला सुमारे दहा महिने लागले. १९३५ च्या उन्हाळ्यात नदीला पूर येऊन मध्येच वीज बंद करावी लागली. तरीही चकती वाचली आणि आजही त्या दुर्बिणीत आहे.

घरच्या भट्टीला पूर येत नाही, वीज मात्र जाते. वीज गेल्यावर झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा. विटांमध्ये साठलेली उष्णता बरेच काम करते. वीज आल्यावर काच शाबूत असेल तर पुन्हा सावकाश मंदशीतनाच्या तापमानाला नेऊन थांबा आणि उतार पहिल्यापासून द्यावा. मंदशीतन कितीही वेळा केले तरी काचेचे नुकसान होत नाही.

तडकलेल्या वस्तूवरूनही पुष्कळ शिकता येते. तड्याच्या कडा बोटाला गोलसर लागल्या, तर काच चढताना तडकली आणि नंतर कडा वितळल्या. पहिला चढ फार वेगवान होता. कडा धारदार असतील तर ती उतरताना फुटली. धारदार तडा एका रंगाच्या तुकड्याची हद्द धरून फिरत असेल तर काचा जुळणाऱ्या नव्हत्या. तो वस्तूच्या मधून नागमोडी वळण घेत गेला असेल तर बहुधा मंदशीतन अपुरे पडले.

काही रंग भट्टीत स्वतःहून बदलतात, ते आधी माहीत असावे. सोन्याने रंगवलेली गुलाबी काच पत्र्यात जवळजवळ रंगहीन दिसू शकते आणि भाजल्यावरच गुलाबी होते. गंधकाचा किंवा सेलेनियमचा अंश असलेला पिवळा-तांबडा रंग तांब्याच्या निळ्या-हिरव्या रंगाला टेकला की शिवणीवर काळपट-तपकिरी रेघ उमटते. नको असेल तिथे ती दोष असते, हवी असेल तिथे मात्र ब्रशने काढता येणार नाही इतकी सुंदर.

फ्यूज केलेली चकती वाडग्यासारखी करायची तर तिची दुसरी भाजणी होते, स्लम्पिंगची. साचा भाजलेल्या मातीचा असेल तर काच त्याच्या आत बसवतात, स्टीलचा असेल तर बाहेरून पांघरतात. कारण पुन्हा आकुंचनाचेच. निवताना माती काचेपेक्षा कमी आखडते, म्हणून आतली काच सुटून येते. तीच काच मातीच्या घुमटावर बाहेरून घातली तर आखडताना साच्याला आवळते आणि फुटते. स्टील काचेपेक्षा जास्त आखडते, म्हणून बाहेरची काच मोकळी होते. मातीच्या साच्याच्या तळाला भोक हवे, नाहीतर काचेखाली कोंडलेली हवा तिला पूर्ण बसू देत नाही. साचा पाणसळ लावून सपाट बसवावा. जरा कलला तरी चकती एका बाजूने घसरते आणि काठ वर-खाली होतो.

स्लम्पिंगमध्ये घाई फार महाग पडते. काच साच्याच्या काठावर टेकलेली असते आणि मध्यातून खाली जाते. तापमान वाजवीपेक्षा जास्त ठेवले तर ती पटकन बसते खरी, पण खाली साच्याचा खरबरीतपणा उचलते, काठ आत ओढले जातात आणि तळ जाड होतो. ६४० च्या आसपास जास्त वेळ दिला तर पाठ नितळ राहते. खोल साच्यात एकदम उतरवण्यापेक्षा आधी उथळ साचा, मग खोल, असे दोन टप्पे बरे. इतक्या खालच्या तापमानाला थर वितळत नाहीत, म्हणून फ्यूजिंगमध्ये राहिलेली चूक स्लम्पिंगमध्ये भरून निघत नाही. आणि या भाजणीतही चढ पहिल्यापेक्षा हळू हवा: आता काच दोन सुट्या पत्र्यांऐवजी ६ मिलिमीटरचा एकसंध ठोकळा असते, आणि ती काठावर टेकलेली असल्याने असमान तापते.

हात बसला की पुढची तंत्रे मोकळी होतात. पट्ट्या उभ्या कडेवर शेजारी मांडून भाजल्या तर रंगाच्या सरळ रेघांचा ठोकळा मिळतो. तो कापून त्याचे काप पुन्हा मांडता येतात, आणि मोये याची बरीच कामे या कापणी-मांडणीतून झालेली आहेत. तळाला भोक असलेल्या कुंडीत काच भरून ती भट्टीत वर टांगली तर रस धार धरून खाली पडतो आणि वेटोळ्यांची चकती तयार होते. जिप्सम प्लास्टर आणि सिलिकाच्या साच्यात काचेचा चुरा भरला की पात द व्हेरची अर्धपारदर्शक, साखरेसारखी कणीदार वस्तू मिळते.

या सगळ्यांसाठी वही लागते. काच कोणती, थर किती, साचा कोणता, चढ-उताराचे वेग, थांबे, आणि निघाले ते कसे, हे प्रत्येक भाजणीला लिहिले की काही दिवसांत त्या एका भट्टीचा स्वभाव कागदावर येतो. फरशीवर सहा-सात ठिकाणी काचेचे सारखे तुकडे ठेवून एकच टॅक फ्यूज केला, तर कुठले कोपरे गरम आणि कुठले थंड, तेही एका भाजणीत कळते.

भट्टीतून निघालेल्या वस्तूच्या कडा क्वचितच तयार असतात. फरशीला टेकलेल्या बाजूला सुईसारखी टोके राहतात. ती हिऱ्याच्या कणांच्या पॅडने, पॅड आणि काच दोन्ही ओले ठेवून घासतात. कोरडे घासू नये, कारण धूळ उडते आणि घर्षणाच्या उष्णतेने कड फुटते. जाडसर कणांपासून बारीक कणांकडे जात कड आधी पांढरी, मग मलमली होते. तिला पुन्हा तकाकी हवी असेल तर वस्तू धुऊन, पूर्ण वाळवून ७०० अंशांच्या जवळपास काही मिनिटे तापवतात. सपाट वस्तूला हे चालते. वाडगा मात्र त्या तापमानाला आकार सोडतो, म्हणून कड घासून चमकवण्याचे काम दोन भाजण्यांच्या मध्ये, चकती सपाट असतानाच उरकतात, आणि त्या प्रत्येक भाजणीला वस्तूच्या जाडीपुरते मंदशीतन नव्याने देतात.